हात पोहोचत नाही तिथला सेन्सर: जुन्या गाडीचा क्रँक सेन्सर घरी बदलताना

गाडी थंड असताना अर्ध्या चावीत सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं छान चालते. मग कुठेतरी सिग्नलला उभी असताना, ना झटका ना आवाज, दिवा मालवावा तशी बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन गरगर फिरतं, पण पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास नुसतं ताटकळत उभं राहायचं, की पुन्हा काही घडलंच नाही अशा थाटात चालू. जुन्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीने हा खेळ मांडला, की माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर जातो.

क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, किती वेगाने फिरतोय आणि या क्षणी नेमका कुठल्या कोनात आहे, हे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणं एवढंच या सेन्सरचं काम. शाफ्टबरोबर एक दातेरी चकती फिरते. बऱ्याच इंजिनांत तिच्यावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात. उरलेले ५८ दाते सेन्सरच्या टोकासमोरून एकेक करून जातात, दर दात्याला ६ अंश. ती दोन दात्यांची फट समोर आली, की कॉम्प्युटरला फेरा कुठून मोजायचा ते कळतं. तापमानाचा सेन्सर गेला तर कॉम्प्युटर एखादा ठरावीक आकडा गृहीत धरून गाडी रेटत राहतो. क्रँकचा सिग्नल गेला तर बहुतेक इंजिनांत त्याच्या हातात काहीच उरत नाही: ठिणगी कधी टाकायची हेही नाही आणि पेट्रोल कधी फवारायचं हेही नाही.

गरम झाल्यावरच का रुसतो, त्याचंही कारण साधं आहे. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. वर्षानुवर्षं तापून-निवून ती तार कुठेतरी तुटते. थंड असताना तुटलेली टोकं एकमेकांना चिकटून असतात, तापल्यावर सगळं प्रसरण पावलं की सुटतात.

आता जागेचं. दात्यांच्या जवळ बसणं भाग असल्यामुळे हा सेन्सर एक तर पुढच्या पुलीमागे असतो, नाहीतर फ्लायव्हीलच्या (क्रँकशाफ्टच्या टोकाच्या जड चाकाच्या) बाजूला, गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जोडला जातो तिथे. पुलीजवळ असेल तर नशीब समजा. दुसऱ्या प्रकारात तो स्टार्टरच्या वर, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली आणि केबिनच्या पत्र्याच्या अलीकडे अशा सांदीत असतो, की डोळ्याला दिसला तर हात जात नाही आणि हात गेला तर डोळ्याला दिसत नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारासाठी.

सेन्सर बदलणं म्हणजे एक बोल्ट, एक कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग), पाच मिनिटं. बाकीचे तीन तास तिथवर वाट करण्यात जातात. ही दोन वेगळी कामं आहेत असं मानून बसलात तर दुपारच्या आत हात धुऊन मोकळे व्हाल. वाट न करताच बोल्टाला भिडलात, तर काहीतरी तुटतंच. माझ्या हातून तुटलेलं आहे, त्याचं पुढे येईल.

आधी गुन्हेगार पक्का करा

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि पी ०३३५ हा कोड आला, म्हणून लगेच सेन्सर मागवू नका. तो कोड ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’ एवढंच म्हणतो, आणि सर्किटमध्ये वायर आली, कपलर आला, त्यातल्या पिना आल्या. पी ०३३६ म्हणजे सिग्नल येतोय पण धड नाही. तिथे दातेरी चकती आणि सेन्सर यांच्यातलं अंतर किंवा खराब दाते हेही संशयित. पी ०३४० मात्र कॅमशाफ्टच्या सेन्सरचा. नाव सारखं वाटतं म्हणून घाईत चुकीचा भाग मागवणारे कमी नाहीत.

स्कॅनरवर चालू आकडे दिसत असतील तर सेल्फ मारताना इंजिनच्या फेऱ्यांकडे बघा. धडधाकट स्टार्टर इंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे देतो. इंजिन कानाला नीट फिरताना ऐकू येतंय आणि पडद्यावर शून्य, म्हणजे सिग्नल पोहोचत नाही. मात्र ही तपासणी गाडी रुसलेली असतानाच करायची. थंड गाडीवर सगळं ठीकच दिसणार.

इथे एक चकवा आहे. गाडी गरम होऊन बंद पडली, सेल्फ मारताना पेट्रोलच्या पंपाचा आवाज येत नाही, म्हणून पंप गेला असा निकाल लागतो आणि बिचारा चांगला पंप बदलला जातो. बऱ्याच गाड्यांत चावी फिरवल्यावर पंप दोनेक सेकंद चालतो आणि थांबतो. पुढे क्रँकचा सिग्नल आला तरच कॉम्प्युटर त्याला पुन्हा चालू करतो. सिग्नल नाही तर पंपही गप्प. म्हणून ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम गायब असतील तर क्रँक सेन्सरकडे वळा. ठिणगी आहे आणि फक्त पेट्रोल नाही, तेव्हा पंपाचा विचार करा.

मग मल्टिमीटर. कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या वायरी मोजा. दोन वायरी असतील तर तो वेटोळ्याचा, म्हणजे इंडक्टिव्ह सेन्सर. तीन असतील तर घाई नको: तो हॉल इफेक्टचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला आणि वीजपुरवठा लागणारा असू शकतो, किंवा इंडक्टिव्हच असून तिसरी वायर नुसती आवरणाची जाळी असू शकते. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतला वायरिंगचा नकाशा बघूनच ठरवा, कारण हॉलच्या सेन्सरला ओहमवर मीटर लावायचा नसतो. त्यातून काही कळत नाही, वर आतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडू शकतं. त्याच्यासाठी चावी चालू करून गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये वीजपुरवठा येतोय का ते पाहायचं, गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट, आणि अर्थिंगची जोडणी नीट आहे का तेही.

इंडक्टिव्ह सेन्सरचा रोध कित्येक गाड्यांत काहीशे ते हजार-दीड हजार ओहमच्या घरात असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. थंड असताना तो जवळजवळ हमखास बरोबर येतो आणि तिथेच लोक फसतात. कपलर बहुधा हाताशी असतो, तेव्हा गाडी गरम होऊन बंद पडल्या पडल्या मोजा. तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापलेल्या सेन्सरचा आकडा पाव पटीने वाढला तर ते साहजिक आहे. पण ९०० चे एकदम अनंत झाले, किंवा वायर हलवली की आकडा नाचायला लागला, तर चोर सापडला. एक पिन आणि इंजिनचं अर्थिंग यांच्यामध्येही मोजून घ्या. तिथे जोडणी दिसता कामा नये.

तापलेल्या सेन्सरवर पाणी ओतून बघा, असा सल्ला हमखास मिळतो. त्याने निदान होतं हे खरं, पण शेजारी लालबुंद एक्झॉस्ट आणि स्टार्टर असताना मी तो प्रयोग करत नाही.

सुटा भाग आणि हत्यारं

नवा सेन्सर हातात आल्यावर डबीवरच्या नंबरावर विसंबू नका, गाडी उघडण्याआधी आहे त्याच्या फोटोशी ताडून घ्या: कपलरचा आकार, त्यातली खाच, वायरीची लांबी, बोल्ट ज्यातून जातो त्या कानासारख्या पट्टीचा कोन. जुना बाहेर आला की टोकाची लांबीही शेजारी धरून मोजा. सेन्सरचं टोक आणि दाते यांच्यात जेमतेम ०.५ ते १.५ मिलिमीटर मोकळीक असते. त्यामुळे ‘एखादा मिलिमीटर इकडेतिकडे’ इथे चालत नाही. काहींच्या टोकाला कागदाची छोटी चकती चिकटवलेली येते. ती अंतर राखण्यासाठी असते, पॅकिंग समजून काढू नका. आणि या एका भागात अगदी स्वस्तातल्या नकलेच्या वाटेला मी जात नाही. पैसे वाचतात, पण तीच सांदी पुन्हा उघडावी लागते.

हत्यारांत मोठं काही नाही. पाव इंची रॅचेट, दोन-तीन लांबीची एक्स्टेन्शन, मान वळवता येणारा युनिव्हर्सल जॉइंट, आणि सहा कोनी गोट्या, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारे सॉकेट. बारा कोनी गोटी गंजलेल्या लहान बोल्टाचं डोकं गोल करते. बोल्ट बहुधा १० नंबरचा असतो, पण काही गाड्यांत ॲलन (डोक्यात षटकोनी खड्डा) किंवा उलटा टॉर्क्स (ताऱ्यासारखं डोकं) निघतो, म्हणून आधी आरशात बघून घ्या. कपाळावर बांधायचा टॉर्च, दात तपासायला असतो तसा काडीचा आरसा, टोकाला लोहचुंबक असलेली लांब काडी, कागदी टेप, मार्कर, मीटरभर मजबूत दोरा. दोरा कशाला ते पुढे कळेल.

आदल्या दिवशी नुसता हात घालून बघा

हा टप्पा कुठल्याच पुस्तिकेत नसतो आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. आदल्या संध्याकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, काहीही न उघडता फक्त वाट शोधायची.

सेन्सर दिसत नसेल तर त्याच्या कपलरपासून सुरुवात करा. कपलर सहसा वर, हाताला येईल अशा जागी असतो. तिथून वायर पकडून बोटांनी खाली खाली जा. दिसणारी पहिली काळी प्लॅस्टिकची वस्तू म्हणजे आपला सेन्सर असं समजू नका. त्याच परिसरात नॉक सेन्सर, ऑइलच्या दाबाचा स्विच, रिव्हर्स लाइटचा स्विच असे भाऊबंद बसलेले असतात. मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करा आणि मोबाइल हळूच सांदीत फिरवून आणा. फोटोपेक्षा व्हिडिओत जागेचा अंदाज चांगला येतो.

मग तीन वाटा तपासा: वरून मॅनिफोल्डच्या बाजूने, खालून, आणि पुढचं चाक काढून चाकाच्या कमानीतून. तिसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही, पण आडव्या बसवलेल्या इंजिनांत कधी कधी तीच सर्वांत सरळ निघते. प्रत्येक वाटेने दोन्ही हात घालून बघा. उजव्याने जे जमत नाही ते डाव्याने सहज जमतं, असं या कामात वारंवार होतं.

हात पोहोचला की डोळे मिटा. खरंच मिटा, कारण उद्या ते उपयोगाला येणार नाहीत. अंगठ्याखाली प्लॅस्टिकचा गुळगुळीत गोलवा लागेल. त्याच्या एका बाजूला कानासारखी सपाट पट्टी, पट्टीवर बोल्टाचं षटकोनी डोकं, आणि वरच्या अंगाने बाहेर पडणारी जाड वायर. डोक्याच्या कडा बोटाने मोजा, गंजाचे पापुद्रे लागतात का बघा. दोन-चारदा हात बाहेर काढून पुन्हा त्याच जागी नेता आला, की समजा वाट हाताला पाठ झाली. नाही आला, तर आडवं काय येतंय ते लिहून ठेवा. तीच उद्या काढायच्या सामानाची यादी.

निघताना बोल्टाच्या डोक्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडा. थेंबच. फवारा नको. सेन्सर फ्लायव्हीलच्या बाजूला असेल आणि गाडी हाताने गिअर टाकायची असेल, तर भोकातून आत गेलेलं तेल क्लचप्लेटपर्यंत पोहोचू शकतं. मग सेन्सर नवा आणि क्लच घसरतोय, अशी नवी कहाणी सुरू होते.

गाडी उभी करणं

यात सूट नाही. सपाट, टणक जमीन. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडणी. जॅक फक्त उचलायला. उचलल्यावर पुस्तिकेत दाखवलेल्या जागांवर जॅक स्टँड लावायचे आणि खाली जाण्याआधी गाडीला चांगला धक्का देऊन बघायचा. विटा नकोत, सिमेंटचे ठोकळे तर मुळीच नकोत. वजनाखाली ते न सांगता फुटतात. खाली झोपून काम करणार असाल तर हाकेच्या अंतरावर कोणीतरी असू द्या.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि ती परत टेकणार नाही अशी बाजूला बांधा. स्टार्टरच्या जाड वायरीत चावी बंद असतानाही थेट बॅटरीचा करंट असतो, आणि तुमचं लांब स्टीलचं एक्स्टेन्शन नेमकं तिच्या शेजारून जाणार आहे. जुन्या रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

वाट करणं

एअर फिल्टरचा डबा आणि त्याचा जाड पाइप जवळजवळ नेहमीच काढावा लागतो. तो काढायला दहा मिनिटं जातात आणि हाताला विलक्षण मोकळीक मिळते. तरी ‘बघू, न काढताच जमेल’ म्हणत माणसं दीड तास घासाघीस करतात. खालून जाणार असाल तर खालचं संरक्षक आवरण, आणि काही गाड्यांत स्टार्टरही सोडवून थोडा बाजूला घ्यावा लागतो. इनटेक मॅनिफोल्ड काढण्यावाचून गत्यंतर नसेल तर गॅस्केट नवं आणून ठेवा आणि मोकळ्या झालेल्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबा. किती कोंबली ते मोजून लिहा.

प्रत्येक गोष्ट काढण्याआधी फोटो. बोल्ट एका पुठ्ठ्यात खोचत जा आणि शेजारी कशाचा ते लिहा. जुन्या रबरी नळ्या ओढू नका, आधी जागच्या जागी पिळून सैल करा, मग सरकवा. व्हॅक्युमच्या बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या इतक्या वर्षांत पापडासारख्या झालेल्या असतात. त्यांना शक्यतो हातच लावू नका.

सेन्सर दिसायला किंवा हाताला नीट लागायला लागला, की त्याच्या भोवतीची माती ब्रशने आणि हवेने साफ करा. आता केली नाही तर सेन्सर निघताक्षणी ती भोकात पडणार.

कपलर

माझ्या हातून तुटलं ते इथे. वरचा खटका दाबून कपलर ओढला, निघेना, जोर केला, आणि ‘टक्’ आवाज होऊन खटक्याचं टोक माझ्या नखात आलं. चूक अशी होती, की ओढत असताना खटक्यावर ताण असतो, मग तो दबत नाही, मोडतो. आधी कपलर आणखी आत ढकलायचा, म्हणजे खटका सैल होतो. मग दाबायचा, आणि दाबलेलाच ठेवून ओढायचं. ओढताना वायरी नाही, कपलरचं अंग धरायचं. काहींना खटक्यावर लाल किंवा पांढरी सरकपट्टी असते, ती आधी मागे घ्यावी लागते. काही जुन्या कपलरना खटका नसून तारेची चाप असते. ती बाजूला उचकटताना उडून हरवते, म्हणून वर फडकं धरा.

खटका तुटलाच तर कपलर पूर्ण आत बसवून बारीक केबल टायने आवळा. आत सिलिकॉन भरू नका. कपलरच्या तोंडात तेल किंवा हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन घ्या. कधी कधी सगळा आजार तेवढाच असतो.

आता तो दोरा. जुन्या सेन्सरच्या कपलरला दोऱ्याचं एक टोक बांधा, दुसरं वर कुठेतरी अडकवा. सेन्सर खालून बाहेर काढाल तेव्हा वायरीमागोमाग दोरा त्याच वाटेने ओवला जाईल. नव्या सेन्सरचा कपलर त्याला बांधून वरून ओढला, की वायर मूळच्या वाटेने आपोआप जागेवर. हे न केल्यामुळे तीच वायर अंधारात वर ढकलण्यात मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

बोल्ट

गोटी डोक्यावर पूर्ण बसली आहे हे बोटाने चाचपून बघा. अर्धवट बसलेली गोटी आणि जोर, एवढं डोकं झिजायला पुरतं. पहिला जोर सैल करण्याच्या दिशेने नाही, किंचित घट्ट करण्याच्या दिशेने द्या, केसभर. गंजाची पकड तुटल्याचं बोटांना कळतं. मग उलटा. अडला तर पुन्हा थोडा सुलटा, पुन्हा उलटा. बोल्ट स्टीलचा आणि ज्यात तो बसलाय ते ॲल्युमिनियम, म्हणजे मस्तीत आटे जाणार ते इंजिनाचे.

सैल झाला की शेवटचे आटे बोटांनी सोडा किंवा गोटीच्या आत कागदी टेपचा छोटा तुकडा घाला, म्हणजे बोल्ट गोटीत अडकून बाहेर येतो. एकदा टेप न लावता काढायला गेलो. ‘टिण’ असा एक आवाज आला, मग दुसरा, मग काहीच नाही. तो तिसरा न आलेला आवाज सगळ्यात वाईट. चाळीस मिनिटांनी बोल्ट खालच्या आवरणाच्या घडीत सापडला. तुमचाही पडला तर चुंबकाची काडी आहेच. पण तो फ्लायव्हीलच्या घरात पडल्याची शंका जरी असली, तरी सापडेपर्यंत सेल्फ मारायचा नाही.

चिकटून बसलेला सेन्सर

बोल्ट निघाला म्हणजे सेन्सर निघाला असं नाही. रबरी ओ-रिंग आणि कडेचा गंज मिळून त्याला भोकात सिमेंट केल्यासारखं धरून ठेवतात. सरळ ओढू नका. आधी कान पकडून डावी-उजवीकडे फिरवा, सुरुवातीला अंशभर, मग हळूहळू जास्त. फिरायला लागला की फिरवत फिरवतच वर घ्या. खालून पेचकस घालून उचकटलं तर प्लॅस्टिक मोडतं आणि टोक आत राहतं.

राहिलंच, तर त्या उरलेल्या प्लॅस्टिकमध्ये लांब स्क्रू हाताने चार-पाच आटे बसवा, पकडीने धरा आणि पुन्हा तेच, फिरवत ओढा. ड्रिल लावायचा मोह टाळा. कचरा थेट दात्यांवर पडतो, आणि टोक एकदम आत गेलं तर गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते.

सेन्सर बाहेर आल्यावर लगेच दोन गोष्टी बघा. ओ-रिंग त्याच्यावर आहे का? नसेल तर ती भोकातच आहे. ती काढल्याशिवाय नवा बसवला तर तो पूर्ण खाली जाणार नाही आणि नवीन सेन्सर असूनही गाडी रडत राहील. दुसरं म्हणजे टोक. त्यावर लोखंडाच्या भुग्याची मिशी आलेली असेल तर नवल नाही, चुंबक आहे तो. पण टोक घासलेलं, चकाकणारं दिसलं तर दाते त्याला लागत होते. तेव्हा भोकातून टॉर्च मारा, गाडी न्यूट्रल करा आणि कोणाला तरी पुलीच्या बोल्टावर पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हळूहळू फिरवायला सांगा. एकेक दाता नजरेखालून जाऊ द्या. मोडका, वाकलेला दाता किंवा डुगडुगणारी चकती दिसली तर दुखणं सेन्सरचं नाही, आणि ते घरी निस्तरण्याचं कामही नाही.

नवा बसवणं

भोकाची कड आणि कान जिथे टेकतो ती जागा फडक्याने स्वच्छ करा. कानाखाली राहिलेला गंजाचा पापुद्रा सेन्सरला तेवढ्याच अंतराने वर उचलून धरतो. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट फिरवा आणि सेन्सर हाताने दाबत, किंचित फिरवत, कान पूर्ण टेकेपर्यंत खाली न्या. बोल्ट आवळून त्याला खाली ओढायचं नाही, त्याने कान तडकतो. बसवण्याआधी सेन्सर हातातून फरशीवर पडला असेल तर तो वापरू नका, आतला चुंबक तडकलेला असू शकतो.

बोल्ट बोटांनी लावा. आधी उलटा फिरवत जा, आटा आट्यावरून घसरून ‘टुक्’ असं जाणवलं की सुलटा फिरवा. असं केलं की आडवे आटे पडत नाहीत. या मापाच्या बोल्टाला बहुतेक ठिकाणी ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, पुस्तिकेत वेगळं असेल तर ते खरं. टॉर्क पाना त्या सांदीत जात नाही, म्हणून मी आखूड रॅचेटला दोन बोटं लावून टेकेपर्यंत आवळतो आणि मग मनगटाचा एक छोटा हिसका. यापेक्षा जास्त नाही.

वायर दोऱ्याने वर घ्या आणि मूळच्या प्रत्येक चिमट्यात बसवा. एक्झॉस्टपासून लांब, प्लगच्या वायरींपासूनही लांब. त्यांच्या ठिणगीचा गोंधळ या नाजूक सिग्नलमध्ये उतरतो. इंजिन डुलतं तेवढी ढील ठेवा. उष्णतारोधक पत्रा असेल तर तो परत लागलाच पाहिजे. कपलर ‘टक्’ वाजेपर्यंत आत ढकला आणि हलकेच ओढून बघा.

सुरू करून बघणं

फडकी मोजा, गोट्या मोजा. बॅटरी जोडा, चावी दोन-तीन सेकंद नुसती चालू ठेवा, मग सेल्फ. जुने कोड पुसा. बॅटरी काढलेली असल्यामुळे पहिल्या दिवशी आयडल थोडा वर-खाली होईल, बहुतेक गाड्या स्वतःच सावरतात. काही गाड्यांत नवा सेन्सर बसवल्यावर स्कॅनरवरून चकतीची ओळख करून द्यावी लागते. न केल्यास गाडी चालते, पण मिसिंगचे खोटे कोड येऊ शकतात.

सुरू झाली म्हणून हत्यारं लगेच आवरू नका. थंड असताना ती आधीही सुरू होतच होती. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत उभी चालवा. मग बंद करा, बॉनेट लावा आणि पंधरा मिनिटं थांबा. इंजिन बंद झाल्यावर हवा खेळायची थांबते आणि त्या सांदीतलं तापमान चालू असतानापेक्षाही वर चढतं. खरी परीक्षा ती. त्या स्थितीत पहिल्या सेल्फला पकडली, तर जवळपास एक फेरी मारून या, आणि परत आल्यावर कोड पुन्हा एकदा वाचा.

तरीही बंद पडली, आणि कोड तोच? नवा सेन्सर खराब निघणं शक्य आहे, पण त्याआधी कपलरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर एकेक पिन धरून मोजा, आणि इंडक्टिव्ह असेल तर दोन वायरींची अदलाबदल झालेली नाही ना ते बघा. कोडच नाही आणि तरी बंद पडते, तर मुख्य रिले, इग्निशन कॉइल, पंप या क्रमाने जा.

सगळं जमलं की बॉनेटच्या आतल्या अंगाला मी कागदी टेपचा एक तुकडा चिकटवतो. त्यावर तारीख, किलोमीटर, आणि खाली एक ओळ: ‘१० नंबर, दोन एक्स्टेन्शन, डावा हात, चाकाच्या बाजूने.’